प्रेमराज नानांचा खात्रीचा नमुना

नळी करंगळीएवढी होती. तिचं हिरवं झाकण फिरवून ओढलं की झाकणालाच जोडलेली एक बारीक काडी बाहेर येई, आणि काडीच्या टोकाशी चार खाचा होत्या. एकेक खाच राईच्या दाण्याहून लहान. शौचाचा नमुना हवा होता तो एवढाच, चार खाचांत मावेल तेवढा. काडी परत आत ढकलली की तो आतल्या पाण्यात मिसळणार, आणि डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात असलंच तर लॅबमधलं यंत्र ते ओळखणार.

ही नळी पारोळ्याच्या प्रेमराज नानांच्या घरी, फ्रिजच्या डोक्यावर, महिनाभर नुसतीच उभी होती.

ती पाठवली होती त्यांच्या मुलीने. नूतन जळगावला एका लॅबमध्ये काम करायची. नानांचे थोरले भाऊ अभिमनआबा यांच्या मोठ्या आतड्यात मागे कॅन्सर निघाला होता. रक्त पडत असताना आबांनी मूळव्याध, मूळव्याध म्हणत वर्ष काढलं, आणि मग नाशिकच्या वाऱ्या, ऑपरेशन, केमो, सगळंच आलं. आबा वाचले, ट्रॅक्टर वाचला नाही. आता कोणीही भेटायला आलं की आबा सदरा वर करून पोटावरची लांबलचक शिवण दाखवत आणि अहिराणीत म्हणत, "हाई दखा भो. आठून मना ट्रॅक्टर गया." म्हणजे, ट्रॅक्टर इथूनच गेला.

नूतनचं म्हणणं असं, की सख्ख्या भावाला झालं म्हणजे नानांनी सरळ दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला हवी. मागच्या बाजूने बारीक दुर्बीण आत घालतात आणि सगळं मोठं आतडं बघून घेतात. ते "मागच्या बाजूने" कानावर पडल्यापासून नाना तारीख पुढे ढकलत होते. आधी मुगाचा हंगाम होता, मग कापूस, मग लगीनसराई, मग उन्हाळा. उन्हाळ्यात दुर्बीण तापते, असंही ते एकदा म्हणून गेले. शेवटी नूतन वैतागली. "बरं, दुर्बीण नको म्हणता ना? मग निदान ही नळी तरी भरून द्या."

"केवढ्याची आहे?" नानांनी विचारलं.

"शेवभाजीच्या दोन प्लेटांत येते."

"मग कामाची नसणार."

"नाना, कपाशीत कामगंध सापळा लावता ना तुम्ही? तो केवढ्याचा असतो? पण त्यात पतंग दिसले की तुम्ही बोंडं फोडून बघता. बोंडअळी पसरल्यावर फवारत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं की नाही? ही नळी म्हणजे सापळा. यात रक्त सापडलं म्हणजे पीक गेलं असं नाही. बोंड फोडून बघायचं एवढंच."

सापळ्याची गोष्ट नानांना पटली. अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. अडचण नमुन्याची होती.

प्रेमराज नाना पारोळ्याच्या बाजारातले जुने अडत्ये. शेतकऱ्याचा माल त्यांच्या दुकानी उतरायचा आणि ते तो व्यापाऱ्यांना विकून द्यायचे. व्यापारी काही सगळी पोती उघडून बघत नाही. तो बघतो ताटलीतला नमुना. म्हणून नानांनी सबंध आयुष्य एका तत्त्वावर काढलं होतं: नमुना म्हणजे मालाचं तोंड, आणि तोंड धुतल्याशिवाय चारचौघांत जाऊ नये. त्यांच्या ताटलीतली ज्वारी चाळलेली असे, पाखडलेली असे, आणि वर एकेक दाणा हाताने वेचलेला असे. पोत्यात काय असेल ते असो, ताटलीत मोती.

आणि आता त्याच माणसाने स्वतःच्या नावाचा नमुना, नावाची चिठ्ठी लावून, जळगावला पाठवायचा होता. तोही लेकीच्या लॅबमध्ये, जिथे सगळे तिला ओळखतात.

"आज नको," पहिल्या दिवशी ते बाहेर येऊन म्हणाले. "काल भरीत झालं. मिरची फार होती."

"मग?" नानांच्या पत्नी पुष्पाबाई भाकरी थापत होत्या.

"हा काय माल आहे नाव लावून पाठवण्यासारखा?"

"अहो, ते काय बाजार समितीच्या ओट्यावर मांडून लिलाव करणारेत का?"

"तुला नाही कळायचं."

दुसऱ्या दिवसापासून नानांनी मालाची प्रत सुधारायला घेतली. थंडीचे दिवस, म्हणजे खानदेशात घरोघरी भरताचे दिवस. पण नानांच्या घरी मुगाची खिचडी शिजू लागली. ठेचा बंद झाला. शेवभाजी बंद झाली. पपई आली, ताक आलं, इसबगोल आलं. नूतनने फोनवर दोनदा सांगितलं, की या तपासणीला काहीही पथ्य लागत नाही, पाकिटावरही तसं छापलेलं आहे. नाना म्हणाले, "लागत नसेल. पण पद्धत म्हणून काही असते की नाही?"

रोज सकाळी ते बाहेर येत आणि पुष्पाबाईंना बाजारभाषेत निकाल सांगत.

"आज ओलावा जास्त."

दुसऱ्या दिवशी, "आज दाणा फार बारीक."

तिसऱ्या दिवशी, "आज रंग बरा आहे, पण वजन नाही."

चौथ्या दिवशी आवकच झाली नाही.

"मी म्हणते, त्या पपईला का छळता?" पुष्पाबाई म्हणाल्या. "जसं आहे तसं द्या ना. त्यांना आतलं बघायचंय. तुम्ही आतलं सजवत बसलात."

"आतलं बघायचं असलं तरी पहिली नजर महत्त्वाची असते."

बाजारात कुजबुज सुरू झाली. ज्या माणसाने आयुष्यात तिखट सोडलं नाही तो दुपारी डब्यातून ताकभात खातो, म्हणजे काहीतरी आहे. कोणी म्हणालं, नाना बाजार समितीच्या संचालकपदाला उभे राहणार. कोणी म्हणालं, माळ घातली. नानांनी दोन्ही नाकारलं नाही, कारण खरं कारण यांहून सांगायला अवघड होतं.

मग गुरुवारी नूतनचा फोन आला. तिचा आवाज शांत होता, आणि नानांना तिच्या शांत आवाजाचीच भीती वाटायची. "नाना, रविवारपर्यंत नळी आली नाही ना, तर मी स्वतः येईन. आणि नळी न्यायला येणार नाही. तुम्हाला न्यायला येईन. सरळ दुर्बिणीवर."

नाना दुकानात आले आणि पोत्यांच्या थप्पीआड गेले. बाजारात अशी वेळ आली की काय करतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपला माल दाखवण्यासारखा नसला, की शेजारच्या ढिगातली मूठभर आणून ताटलीत टाकायची. पाप नाही, पुण्य नाही, रीत आहे.

शेजारचा ढीग म्हणजे वना.

वना त्यांच्या दुकानातल्या हमालांचा मुकादम. मिसरूड फुटल्यापासून नानांकडे. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन तो गप्पा मारत चालायचा, आणि न्याहारीला भाकरीबरोबर हिरव्या मिरच्या शेंगदाण्यासारख्या खायचा. आपल्याला दगड दिले तर वाळू करून परत देऊ, असं तो स्वतःच सांगायचा. पारोळ्यात यापेक्षा खात्रीचं पोट नव्हतं.

"वना, इकडे ये. तुझं पोट कसं आहे?"

"कसं म्हंजे? आठेच शे."

"तसं नाही रे. सकाळी साफ होतं?"

वनाने आधी मागे पाहिलं, मग नानांकडे. "कोनी तक्रार करी का?"

नानांनी त्याला सगळं समजावलं. खाचा दाखवल्या. वनाने काडी दोन बोटांत धरून उजेडात फिरवली आणि पोत्यात खुपसून दाणे काढायची परखी आठवून तो हसला. "हाई तं परखीच शे. पोरगी शे परखीनी." मग त्याचं हसू थांबलं. "म्हंजे पोतं तुमनं, आनि नमुना मना?"

"बाजारात करत नाही का आपण असं?"

"तुम्ही करतस. मी निस्तं पोतं उचलस."

"वना, माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

इतक्या वर्षांत नानांनी त्याच्याकडे बैल मागितला होता, बैलगाडी मागितली होती, एकदा नूतनच्या लग्नात रात्रभर मांडव धरून उभं राहायला सांगितलं होतं. त्याने कशालाच नाही म्हटलं नव्हतं. त्याने नळी बंडीच्या खिशात टाकली. "पन कोनले सांगू नका."

"मी कशाला सांगू?" नाना म्हणाले.

शुक्रवारी वनाने हाताने खूण केली, की आज नाही. नानांनी खुणेनेच विचारलं, का? वनाने खांदे उडवले. शनिवार उजाडला. नाना सकाळी कमोडवर बसले होते. गुडघे दुखतात म्हणून नूतनने तो बसवून दिला होता. त्याच्या फ्लशच्या टाकीत मात्र नळाला पाणी येईल त्याच दिवशी पाणी असायचं. तो दिवस हा नव्हता. तेवढ्यात पुष्पाबाईंनी दारावर अशी थाप मारली, की कडी नाचली.

"अहो, बाहेर या आधी! मुक्ताईनगरची पार्टी आलीय, गाडी दारात उभी आहे, मक्याचा सौदा म्हणतात!"

"अगं, पाणी तरी ओतू दे—"

"बादली मी ओतते! तुम्ही पळा!"

नाना थबकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं वाक्य त्यांनी या घरात कधी ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. नाडी बांधत ते अंगणात धावले. अंगणात कुत्रं होतं. गाडी नव्हती.

"गेली वाटतं," पुष्पाबाई आतून म्हणाल्या. "तुम्हाला उशीर झाला."

नाना हळहळत ओट्यावर टेकतात न टेकतात तोच घराच्या मागच्या बोळातून वना आला. त्याला घाम फुटला होता. त्याने इकडेतिकडे बघत नळी पुढे केली. "ल्या नाना. भरी दिधी."

नानांनी नळी सूर्याकडे धरली. झाकण घट्ट, पाणी नीट मिसळलेलं. आयुष्यभर माल पारखलेल्या डोळ्यांनी त्यांनी ती एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून पाहिली.

"वा!" ते म्हणाले. "ह्याला म्हणतात नमुना. एक नंबर. नाहीतर आमचं!"

वनाने खिडकीकडे पाहिलं. खिडकीत उभ्या असलेल्या पुष्पाबाई आत वळल्या.

नळी चष्म्याच्या जुन्या डबीत बसवून, जळगावला निघालेल्या एका ओळखीच्या टेम्पोवाल्याच्या हाती गेली. डबीत चष्मा आहे, असं नानांनी त्याला न विचारताच दोनदा सांगितलं. त्या दुपारी त्यांनी शेवभाजी मागवली आणि वर ठेचा मागवला. रविवारी भरीत केलं. सोमवारी उरलेलं भरीत खाल्लं. नमुना देऊन मोकळा झालेला माणूस कसा सुखी दिसतो, हे पाहायचं असेल तर त्या तीन दिवसांत नानांकडे पाहायला हवं होतं.

मंगळवारी नाना दुकानात चहा पीत असताना नूतनचा फोन आला.

"नाना, बसून घ्या. रिपोर्ट आलाय. रक्त सापडलंय."

"अरे वा," नाना म्हणाले.

"नाना, कळलं ना तुम्हाला? घाबरू नका. याचा अर्थ कॅन्सर असा नाही. मूळव्याध असू शकते, आत मांसाची छोटी गाठ असू शकते. पण आता दुर्बीण टाळून चालणार नाही. सापळ्यात पतंग सापडलाय. बोंड फोडावंच लागेल."

"हो, हो. बघू सवडीने."

"तुम्ही... धीराने घेताय." नूतनचा आवाज जरासा ओला झाला. नानांनी तो ओलावा निर्लज्जपणे स्वीकारला आणि फोन ठेवला. पहिला विचार त्यांच्या मनात आला, तो असा: वाचलो!

हा आनंद हातातला चहा निवेपर्यंत टिकला. मग दुकानाच्या ओट्याखाली कोणीतरी पोतं टाकल्याचा आवाज झाला, आणि नानांनी पाहिलं तर वना पाठ सरळ करत, घाम पुसत, शिट्टी वाजवत होता.

रक्त सापडलं होतं. ते कुणाचं तरी होतं.

नानांनी चहा खाली ठेवला. या माणसाच्या पोटात काहीतरी आहे, आणि ते जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे. कागदावर आपलंच नाव असल्यामुळे त्याला कोणी फोन करणार नाही, कोणी बसून घ्या म्हणणार नाही. आबांची शिवण त्यांच्या डोळ्यांसमोर आली. आबांकडे निदान विकायला ट्रॅक्टर होता. वनाकडे विकायला नुसती पाठ होती.

त्यांनी वनाला थप्पीआड ओढलं आणि रिपोर्ट सांगितला. वनाने शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग तुम्हीच जा ना दुर्बीनले," तो म्हणाला.

"अरे, रक्त तुझ्या नमुन्यात सापडलंय!"

"नाना, नमुना ज्याना नाववर पास व्हयना, माल त्याना. जोखीमबी त्यानी. हाई तुमनंच सांगनं शे ना? वर नाव तुमनं. माल तुमनाच शे."

"हा बाजार नाही, वना!"

"नमुना मांगताना तं तुम्ही बाजारच म्हनत व्हतात."

नाना दुसऱ्या दिवशी पुन्हा वनाकडे आले. तिसऱ्या दिवशीही आले. वना पोतं उचलून चालू लागला की ते त्याच्या बरोबरीने चालत सापळ्याची गोष्ट सांगायचे. तो तोलकाट्याशी थांबला की ते त्याला सांगायचे, की त्रास व्हायच्या आधीच तपासण्यात सगळी मजा आहे, त्रास झाल्यावर कोणीही तपासतं. नूतनचं प्रत्येक वाक्य, जे त्यांनी फोनवर एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं असं सगळ्यांना वाटलं होतं, ते जसंच्या तसं त्यांच्या तोंडून बाहेर पडू लागलं.

"खर्चाची काळजी करू नको. सगळा मी करतो."

"खर्च तुम्ही कराच," वना म्हणाला. "पन दुर्बीनबी तुम्हीच टाका."

शेवटचा उपाय म्हणून नानांनी त्याला अभिमनआबांकडे नेलं. आबांनी कोण, काय, कशाला हे विचारायच्या आधीच सदरा वर केला.

"हाई दखा भो. आठून—"

"ते झालं, आबा," नाना म्हणाले. "ह्याला सांगा, आधी तपासलं असतं तर काय झालं असतं."

आबांनी विचार केला. सदरा खाली केला. नेहमीचं वाक्य संपल्यावर पुढे काय बोलायचं हे त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. "आधी तपासं आस्तं," ते हळू आवाजात म्हणाले, "तं आज मी ट्रॅक्टरवर बठेल आस्तू. दुसरं काय?" आणि मग त्यांनी नानांकडे पाहिलं, वनाकडे नाही. "तू तपासं का रे, प्रेमराज?"

"माझं सोडा. आत्ता ह्याचं चाललंय," नाना घाईने म्हणाले.

रविवारी सकाळी नानांनी वनाला घरीच बोलावलं. पुष्पाबाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या गेले काही दिवस अशाच काहीतरी सोलत, निवडत, न बोलता बसलेल्या असायच्या. नानांना त्याची फिकीर नव्हती. त्यांनी वनासमोर खुर्ची ओढली आणि आयुष्यातलं सर्वांत मोठं भाषण केलं.

"हे बघ, वना. भीती वाटते? वाटू दे. मलाही वाटली असती. पण काम तासाभराचं. आदल्या दिवशी औषध पिऊन पोट साफ करायचं, बस्स. इंजेक्शन देतात, गुंगी येते, काही कळतसुद्धा नाही. आत मांसाची गाठ दिसली तर तिथल्या तिथे काढून टाकतात. तीच गाठ राहिली तर पुढे काही वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे तपासता तपासताच रोग टळतो! असा सौदा बाजारात कुठे मिळतो का? आणि लाज कसली? डॉक्टर रोज तेच बघतो. त्याला काय तुझं अप्रूप? मरायला लाजत नाहीस, आणि दुर्बिणीला लाजतोस?"

पुष्पाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "छान बोललात," त्या म्हणाल्या. "पटतंय का तुम्हाला हे सगळं?"

"पटतंय म्हणजे? दगडालाही पटेल!"

"बरं झालं," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शेंग फोडली.

इतक्यात फाटक वाजलं. नूतन आली होती. चप्पल काढता काढताच ती म्हणाली, "नाना, धुळ्याला मंगळवारची वेळ घेतलीय. उद्या दिवसभर पातळ खाणं, संध्याकाळी औषध. मी इथेच थांबतेय. आता नाही म्हणायचं नाही."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग वनाकडे. वना नखाने ओसरीची फरशी खरवडत होता. नाना उठून उभे राहिले. जो माणूस महिनाभर आपल्या मालाला नाव लावायला लाजत होता, तो आता मान खाली घालून म्हणाला, "नूतन, वेळ घेतलीस ते बरं केलंस. पण ती वनाला दे. नमुना माझा नव्हता. मी त्याचा पाठवला. माझ्या नावावर. मला ओरडायचं तर नंतर ओरड. आधी ह्याला घेऊन जा. मी सोबत येतो, हात धरून बसतो. पण ह्याला घेऊन जा."

नानांना वाटलं, आता आकाश कोसळेल. कोसळलं नाही. नूतनने आईकडे पाहिलं. आईने वनाकडे पाहिलं.

"सांग रे बाबा आता," पुष्पाबाई म्हणाल्या.

"नाना," वना फरशीशीच बोलला, "माले जमनं नही. नळी हातमा धरी का पोटले कुलूप लागस. दोन रोज बठनू. काहीच नही. पोरीनं लगीन व्हतं तव्हयबी आसं व्हयनं नव्हतं. मंग शनवारे मी मांगला दारथून अक्कापाशी गऊ. म्हनं, अक्का, मना हातथून व्हत नही."

"मग?" नाना पुष्पाबाईंकडे वळले. "मग ते तुझं—?"

"माझं कशाला असेल?" पुष्पाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "वना रिकामी नळी घेऊन मागच्या दारात उभा, आणि तुम्ही आत बसलेले. मी म्हटलं, देवानेच मुहूर्त काढलाय."

नानांच्या चेहऱ्यावरून एक सबंध शनिवार हळूहळू सरकत गेला. नाचलेली कडी. अंगणातलं कुत्रं.

"मुक्ताईनगरची गाडी..."

"आलीच नव्हती."

"आणि ती बादली? तू म्हणालीस, बादली मी ओतते. मला वाटलं—"

"ओतली ना. आधी काडी, मग बादली. नूतनने फोनवर सांगितलं होतं तसंच. पाच-सहा जागी टोचायची, खाचा भरल्या की पुरे. काही अवघड नाही. तुम्हीच महिना घेतलात."

"म्हणजे तुम्हा दोघींना तेव्हापासून ठाऊक होतं?"

"मला रिपोर्ट आल्यावर कळलं," नूतन म्हणाली. "तुम्ही 'अरे वा' म्हणालात तेव्हाच मला शंका आली. आईला विचारलं."

"मग मला का नाही सांगितलं? मी हा आठवडाभर ह्याच्या मागे—"

"तुम्ही वनाला पटवत होतात," पुष्पाबाई म्हणाल्या. "आणि तो रोज येऊन मला सांगत होता. दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी सांगितलं, एक शब्द पटला नाही तुम्हाला. आता स्वतःच बोलत होतात, आणि स्वतःला पटत होतं. मी म्हटलं, पुरतं पटू दे. मध्ये कशाला तोडा?"

नानांनी शेवटचा प्रयत्न केला. तो करायलाच हवा होता. ते अडत्ये होते. "त्या दिवशी पपई जरा... आणि अवचित उठवलंस तू... पुन्हा एकदा नीट नमुना दिला तर?"

"नाही," नूतन म्हणाली. "एकदा रक्त दिसलं की दुसरा नमुना नाही. दुर्बीण."

नाना वनाकडे वळले. निदान तो तरी काही बोलेल, अशी त्यांना आशा होती. वनाने पहिल्यांदाच मान वर केली.

"तुम्ही उजेडमा धरी दखं व्हतं नाना. तुम्हीच म्हनं, एक नंबर. मंग मी तुमना मालले कसं नाव ठेवू?" मग तो खुर्ची ओढून नानांच्या समोर बसला, अगदी नाना मघाशी त्याच्यासमोर बसले होते तसाच. "भ्याव वाटस का? वाटू द्या. काम तासभरनं शे. डाक्टर रोज तेच दखस. त्याले काय तुमनं अप्रूप?"

पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. नूतन अंगणाकडे पाहू लागली, पण तिचे खांदे हलत होते.

नाना आत गेले आणि त्यांनी फ्रिजच्या डोक्यावर नजर टाकली. तिथल्या धुळीत एक छोटासा गोल स्वच्छ राहिला होता, करंगळीएवढा. तो त्यांनी बोटाने पुसून टाकला. मग घसा साफ केला, सदरा खाली ओढला, आणि लिलावात शेवटची बोली जाहीर करावी तशा, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"मंगळवारी धुळ्याला जाऊ. दुर्बीण करून घेतो मी. माझ्या नावाने, माझ्याच पोटात."